मुलांकडे कायमचे जाताय? आधी पेन्शनच्या कराच्या तारखा लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : निवृत्तीनंतर परदेशी राहायला जाणाऱ्यांचे पेन्शन आणि दोन देशांचा आयकर

दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत, बडोद्यातल्या मराठी घरांत एक बेत हल्ली वरचेवर शिजतो. मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत, कॅनडात किंवा इंग्लंडात, आईवडील पेन्शनर, आता दोघांनी तिकडेच जायचे. व्हिसाचे कागद वर्ष वर्ष जमवले जातात, आरोग्य विम्याचे दर विचारले जातात, घराला भाडेकरू पाहिला जातो. कराचा विषय मात्र ‘पेन्शन इथले, कर इथेच कापला जातो, तिकडे आपण कमावतो कुठे?’ एवढ्या वाक्यात मिटतो. हे वाक्य बहुतेकांच्या बाबतीत चुकीचे ठरते, आणि ते कळते दोन-तीन वर्षांनी, दुरुस्तीच्या वाटा अरुंद झाल्यावर. आम्ही करविवरणपत्रे भरण्याचे काम करणारी मंडळी आहोत. आमचे म्हणणे एवढेच की, कोणती गोष्ट निघण्याआधी उरकायची आणि कोणती नंतर, हा क्रम चुकला की पैसे जातात. तो क्रम कसा लावायचा, ते आपल्या वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर अधिनियम २०२५च्या अंमलाची तारीख. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, फॉर्मचेही बदलतात. इथे आम्ही जुनेच, लोकांच्या तोंडी बसलेले क्रमांक वापरले आहेत.

पहिला घोळ दिवसांच्या मोजणीत होतो. ‘सहा महिने बाहेर राहिलो की एनआरआय’ असे सरसकट धरले जाते. १८२ दिवसांची कसोटी खरी, पण ती एकटी नाही. आर्थिक वर्षात भारतात ६० दिवस मुक्काम आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस, एवढे भरले तरी माणूस निवासीच. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला या ६०च्या जागी १८२ दिवस मिळतात. मुलाकडे राहायला जाणाऱ्या पेन्शनरला ती सवलत नाही. जन्म बडोद्यात काढलेले जोडपे १५ जूनला निघाले, तर एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे १५ मिळून ७६ दिवस होतात. म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंतचे अख्खे वर्ष ते भारताचे निवासी. आपल्या कायद्यात वर्षाचे दोन तुकडे पडत नाहीत. त्याच वर्षी अनिवासी व्हायचे असेल तर २९ मेपर्यंत विमानात बसायला हवे. त्यानंतरच्या वर्षांत भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकाला १८१ दिवसांपर्यंत मुभा आहे. भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मात्र ११९ दिवसांपर्यंतच.

पण अनिवासी होण्याची एवढी घाई का करावी? मध्यम पेन्शन असलेल्याला निवासी राहणेच स्वस्त पडते. वर्षाला १० लाख पेन्शन घ्या. नव्या कररचनेत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ९ लाख २५ हजार उरतात. निवासी असेल तर कलम ८७एच्या सवलतीमुळे कर शून्य. तोच माणूस अनिवासी झाला की ८७ए गेले, कारण ती सवलत फक्त निवासींसाठी आहे. मग ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० आणि वरच्या सव्वा लाखावर १० टक्क्यांनी १२,५०० असे ३२,५००, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ३३,८०० रुपये. जुनी कररचना निवडणाऱ्यांचेही असेच होते. ज्येष्ठांना मिळणारी ३ लाखांची करमुक्त मर्यादा, ठेवींच्या व्याजावरची ८०टीटीबीची ५० हजारांची वजावट आणि व्याजातून कर कापू नका असे बँकेला सांगणारा फॉर्म १५एच, तिन्ही निवासींपुरतीच आहेत. वडील तिकडे गेल्यावरही इथला भाचा किंवा जावई सवयीने दर एप्रिलला बँकेत १५एच देऊन येतो. ते खोटे प्रतिज्ञापत्र ठरते. सही वडिलांची असते, तेव्हा उत्तरही त्यांनाच द्यावे लागते.

अमेरिकेचे गणित निराळे. तिथे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि ग्रीन कार्डधारक म्हणून पहिल्यांदा पाऊल ठेवल्या दिवसापासून जगभरातल्या उत्पन्नाचा हिशेब सुरू. बडोद्याच्या बँकेतले व्याज, घरभाडे, पेन्शन, शेअरचा लाभांश, सगळे त्यात आले. ग्रीन कार्ड नसलेलेही सुटत नाहीत. चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश, अशी बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस मुक्काम असला, की माणूस कराच्या दृष्टीने तिथला निवासी. इथला उन्हाळा चुकवायला दरवर्षी पाच महिने मुलीकडे जाणाऱ्या आजीआजोबांचे बघा : १५० अधिक ५० अधिक २५, म्हणजे २२५. व्हिसा पर्यटकाचा, पण कर निवासीचा. दरवर्षी १२० दिवस राहिले तर १२०, ४० आणि २० मिळून १८०, म्हणजे थोडक्यात सुटले. चालू वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलेल्यांना फॉर्म ८८४० भरून ‘आमचे घर, कुटुंब, बँक, मतदान सारे भारतात’ असे सांगता येते. त्याची मुदत साधारणपणे पुढच्या वर्षाची १५ जून. फॉर्म फुकट आहे, भरायला तासभर लागतो, आणि तरी शंभरात पाच जणसुद्धा तो भरत असतील असे आम्हांला वाटत नाही. ग्रीन कार्डासाठी अर्ज केला असेल तर मात्र ही पळवाट बंद.

आता मुख्य मुद्दा, पेन्शनचा. भारत-अमेरिका कर करार १९८९ सालचा. त्यात पेन्शनचे तीन वेगळे कप्पे आहेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. त्यामुळे घरातला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून पेन्शन नेमके कोण देते ते आधी वाचावे.

सरकारी नोकरीच्या पेन्शनवर, कराराच्या १९व्या अनुच्छेदाप्रमाणे, कर लावण्याचा हक्क पेन्शन देणाऱ्या देशाचा. गुजरात सरकारचे पेन्शन घेणारा भारतीय नागरिक अमेरिकेत राहत असला तरी कर भारतात. इथपर्यंत लोकांना माहीत असते. पुढचे वाचलेले नसते. करारातल्या राखीव कलमाने अमेरिकेने आपल्या नागरिकांवर आणि रहिवाशांवर कर लावायचा अधिकार स्वतःकडे ठेवला आहे, आणि १९व्या अनुच्छेदाचा आडोसा ग्रीन कार्डधारकाला मिळत नाही. म्हणून ग्रीन कार्डवाल्याने हेच पेन्शन अमेरिकेच्या १०४० या विवरणपत्रातही दाखवायचे आणि भारतात भरलेला कर फॉर्म १११६ने वजा मागायचा. आणखी एक वळण. तीच व्यक्ती पुढे अमेरिकेची नागरिक झाली की तिथली रहिवासी आणि तिथलीच नागरिक म्हणून तिच्या सरकारी पेन्शनवरचा हक्क फक्त अमेरिकेचा होतो, भारताने कर घ्यायचा नाही. नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर ओसीआय कार्डाचा अर्ज सगळे करतात, पेन्शन देणाऱ्या बँकेला कळवत कोणी नाही.

कंपनीचे पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचे ईपीएस-९५ पेन्शन, एलआयसीची वार्षिकी (ॲन्युइटी) हा दुसरा कप्पा. इथे २०वा अनुच्छेद लागतो : राहतो त्या देशातच कर. म्हणजे कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त होऊन एलआयसीकडून वार्षिकी घेणारा आता न्यू जर्सीत राहत असेल तर त्या वार्षिकीवर भारताचा हक्क नाही. पण हे आपोआप होत नाही. देणारा टीडीएस कापतच राहतो. तो थांबवायला अमेरिकेचे रहिवासी प्रमाणपत्र लागते. फॉर्म ८८०२ने अर्ज करायचा, तेव्हा फॉर्म ६१६६ हाती येतो. सोबत आपल्या आयकर पोर्टलवर फॉर्म १०एफ भरायचा आणि दोन्ही कागद दरवर्षी पेन्शन देणाऱ्याला पोचवायचे. प्रमाणपत्र यायला आठवडे जातात, कधी महिने. अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच टाकावा.

‘कापला तर कापला, अमेरिकेत वजा मागू’ असे म्हणणारे इथे फसतात. जो कर कराराप्रमाणे भारताला घेताच येत नव्हता, तो अमेरिकेच्या लेखी स्वखुशीने दिलेला पैसा, आणि स्वखुशीच्या पैशाची वजावट मिळत नाही. तो भारतातच आयटीआर-२ भरून परत मागावा लागतो. एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या पैशांच्या, ठेवींच्या व्याजाचेही तसेच. बँक अनिवासीच्या व्याजावर उपकरासह ३१.२ टक्के कापते. कराराप्रमाणे वरची मर्यादा १५ टक्के. चाळीस लाखांची ठेव, ७ टक्के दर, वर्षाचे व्याज २ लाख ८० हजार धरा : बँक ८७,३६० कापते, कराराने ४२,००० पुरतात. अमेरिका वजावट देईल ती ४२ हजारांपर्यंतच. उरलेले ४५,३६० भारताकडून परत मागितले नाहीत तर बुडाले. ६१६६ आणि १०एफ बँकेत वेळेवर दिले तर मुळात कापलेच जात नाहीत. कॅनडा, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या करारांतही बँक ठेवीच्या व्याजाला १५ टक्क्यांचीच मर्यादा आहे.

तिसरा कप्पा सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या वृद्धापकाळाच्या पेन्शनचा. तो परत येणाऱ्यांच्या कामाचा, पुढे घेऊ.

विद्यापीठ, मंडळे, महामंडळे यांची पेन्शने पहिल्या कप्प्यात की दुसऱ्या, हे पैसे कोणाच्या निधीतून येतात त्यावर ठरते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राध्यापकाने शेजारच्या मामलेदाराचे पाहून रकाना भरू नये. पेन्शन मंजुरीचा आदेश सल्लागाराला दाखवावा.

अमेरिकेत प्रत्यक्ष कर किती? बहुतेकांना शून्य किंवा किरकोळ. २०२५च्या वर्षासाठी पासष्टी ओलांडलेल्या जोडप्याला एकत्र विवरणपत्रात ३१,५०० डॉलरची प्रमाणित वजावट, वयाची जादा ३,२०० डॉलर आणि मध्यम उत्पन्न असेल तर ज्येष्ठांची नवी वजावट दोघांची मिळून १२,००० डॉलर, असे ४६,७०० डॉलर सुटतात. दहा-बारा लाखांचे पेन्शन आणि दोन-तीन लाखांचे व्याज त्यात आरामात मावते. मग घाबरायचे कशाला? कराला नव्हे, माहिती न देण्याच्या दंडाला. भारतातल्या सगळ्या खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबीएआर हा परदेशी खात्यांच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो. बचत खाते, मुदत ठेव, पीपीएफ, मुलाच्या नावाबरोबर जोडलेले खाते, सगळे मोजायचे. आयुष्याची शिल्लक असलेल्या पेन्शनरच्या बाबतीत ही मर्यादा ओलांडली जातेच. मुदत १५ एप्रिल, आपोआप वाढून १५ ऑक्टोबर. त्याशिवाय अमेरिकेत राहणाऱ्या जोडप्याची परदेशी मालमत्ता वर्षअखेर १ लाख डॉलरवर किंवा मध्ये कधीही दीड लाखावर असेल तर विवरणपत्राला फॉर्म ८९३८ जोडायचा. तो चुकला तर दंडाची सुरुवात १०,००० डॉलरपासून. आणि राज्याचा कर विसरू नये. कॅलिफोर्निया केंद्राचे कर करार मानत नाही आणि परदेशी कराची वजावटही देत नाही.

याहून वाईट सापळा म्युच्युअल फंडांचा आहे. अमेरिकेच्या कायद्यात भारतीय म्युच्युअल फंड ‘पीएफआयसी’, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी, ठरतो. त्याच्या नफ्यावर सर्वांत वरच्या दराने कर आणि मागच्या वर्षांचे व्याज लागते, आणि प्रत्येक योजनेसाठी वेगळा फॉर्म ८६२१. सहा योजनांत एसआयपी असेल तर सहा फॉर्म, आणि तिथले हिशेबनीस प्रत्येक फॉर्मचे वेगळे पैसे घेतात. जोडप्याची अशी सगळी गुंतवणूक वर्षअखेर ५०,००० डॉलरच्या आत असेल आणि त्या वर्षी विक्री किंवा मोठे वाटप झाले नसेल, तर फॉर्ममधून सुटका आहे. बाकीच्यांनी ग्रीन कार्डावर उतरण्याआधी फंड विकून मोकळे व्हावे. भारतात इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यातले सव्वा लाख दरवर्षी करमुक्त, वर १२.५ टक्के. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्धे आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्धे विकले की नवराबायकोच्या दोन वर्षांच्या मिळून चार सूटमर्यादा वापरता येतात. निघायची तारीख एप्रिलच्या मध्यावर ठेवली तर हे सहज जमते.

याच न्यायाने इथे करमुक्त असलेली प्रत्येक एकरकमी रक्कम निघण्याआधी हातात घ्यावी. अंशराशीकरण (पेन्शनच्या काही भागाची एकरकमी रक्कम), ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, एनपीएसची करमुक्त रक्कम, साठलेला भविष्यनिर्वाह निधी, यांना भारताने दिलेली माफी अमेरिकेवर बंधनकारक नाही. पैसे निवासी होण्याआधी मिळाले तर अमेरिका विचारत नाही. नंतर मिळाले तर विचारते. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, अनिवासी झाल्यावर मुदत वाढवता येत नाही, आणि त्याचे इथले करमुक्त व्याज अमेरिकेत करपात्र आहे. एनआरई, म्हणजे अनिवासीने परदेशातून आणलेल्या पैशांच्या, ठेवीचेही तेच. ‘टॅक्स फ्री’ म्हणून बँक ज्या ठेवी पुढे करते त्या भारतापुरत्या टॅक्स फ्री.

घर विकायचे असेल तर निवासी असताना विकलेले बरे. २३ जुलै २०२४पूर्वी घेतलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के सरळ किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यांतले कमी ते निवडण्याची मुभा निवासी व्यक्तीलाच आहे. अनिवासीला नाही. शिवाय निवासी विकत असेल तर घेणारा ५० लाख किंवा जास्त किमतीवर १ टक्का कापतो. अनिवासी विकत असेल तर भांडवली नफ्याच्या दराने, आणि कमी दराचे प्रमाणपत्र आधी काढले नसेल तर बहुधा पूर्ण किमतीवर. साठ लाखांच्या घरावर साडेसात लाखांपेक्षा जास्त रक्कम परतावा येईपर्यंत अडकते. फॉर्म १३ भरून ते प्रमाणपत्र मिळते, पण त्यात वेळ जातो आणि घेणारा तेवढा थांबत नाही. अमेरिकेत आणखी एक फरक. कारेलीबागेतल्या १९८५च्या बंगल्याची किंमत भारत १ एप्रिल २००१च्या बाजारभावाने धरू देतो. अमेरिका १९८५चीच धरते. गेल्या पाच वर्षांतली दोन वर्षे मालक स्वतः त्या घरात राहिला असेल तर जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा तिथे माफ आहे. म्हणजे इथून गेल्यावर साधारण तीन वर्षांत विक्री झाली तर निभावते, घर भाड्याने देऊन पाच-सहा वर्षे काढली तर नाही.

बँकेचे काम अनिवासी झाल्या झाल्या करावे. निवासी बचत खाते तसेच चालू ठेवणे फेमात, म्हणजे परकीय चलन कायद्यात, बसत नाही. ते एनआरओ करून घ्यायचे. पेन्शन त्यातच जमा होऊ शकते. चालू उत्पन्न म्हणून पेन्शन कर भरून बाहेर नेता येते. ठेवी आणि घरविक्रीचे पैसे मिळून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत. त्यासाठी फॉर्म १५सीए आणि लागेल तिथे सनदी लेखापालाचा १५सीबी. आयकर पोर्टलवर आपल्या नावापुढचा ‘निवासी’ हा शेरा बदलायचा राहून जातो. आधार न जोडलेल्या अनिवासीचे पॅन त्यामुळे निष्क्रिय होते, मग टीडीएस २० टक्क्यांनी किंवा जास्त कापला जातो आणि परतावा अडकतो.

कॅनडा या बाबतीत जरा उदार. तिथे निवासी झाल्या दिवशी आपली मालमत्ता त्या दिवसाच्या बाजारभावाने विकत घेतली असे धरतात, म्हणजे जुना नफा त्यांच्या करातून सुटतो. निघण्याच्या सुमाराचा सरकारमान्य मूल्यांककाचा दाखला आणि फंडांचे स्टेटमेंट जपून ठेवले तर हा फायदा सिद्ध करता येतो. परदेशी गुंतवणुकीची मूळ किंमत १ लाख कॅनडियन डॉलरच्या वर असेल तर टी११३५ भरायचा, पहिल्या वर्षी माफ. इंग्लंडात ६ एप्रिल २०२५पासून मूळ घर परदेशात मानणाऱ्या रहिवाशांना सवलत देणारी जुनी ‘नॉन-डॉम’ पद्धत गेली. आधीची दहा वर्षे तिथे निवासी नसलेल्याला पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावर माफी मागता येते. मागितली त्या वर्षी १२,५७० पौंडांची नेहमीची करमुक्त मर्यादा सोडावी लागते. पेन्शन एवढे एकच उत्पन्न असेल आणि ते या मर्यादेत बसत असेल तर माफी मागण्यात काही फायदा आहे का, हे दरवर्षी मांडून बघावे.

उलट दिशेने, तिकडे नोकरी करून बडोद्यात परत येणाऱ्यांनी पहिली दोन-तीन वर्षे नीट वापरावीत. आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांच्या आत, अशी स्थिती असेल तर ते ‘निवासी पण सर्वसाधारण निवासी नाही’ या वर्गात येतात, आणि त्यांच्या परदेशी पेन्शनवर भारतात कर नाही. अट एकच : पैसे आधी परदेशातल्या खात्यात जमा व्हायला हवेत. पेन्शन सरळ अलकापुरीतल्या बँकेत मागवले तर ते भारतात मिळालेले उत्पन्न होते आणि माफी जाते. परदेशातले खाते बंद करून येण्याची घाई इथे नडते.

हा काळ संपला की अमेरिकेतल्या ४०१(के) किंवा आयआरएसारख्या निवृत्ती खात्यातली वाढ भारतात दरवर्षी करपात्र, अमेरिकेत मात्र पैसे काढताना. वर्षे जुळत नाहीत म्हणून वजावट मिळत नाही. यासाठीच ८९ए कलम आले. अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा या तीन देशांतल्या निवृत्ती खात्यांना ते लागते, ऑस्ट्रेलियातल्या ‘सुपर’ या निवृत्ती निधीला नाही. विवरणपत्राच्या मुदतीत फॉर्म १०ईई भरला की भारतही पैसे काढताना कर घेतो. पर्याय एकदा निवडला की मागे घेता येत नाही. पुन्हा अनिवासी झालात तर तो कधी निवडलाच नव्हता असे धरून जुनी वर्षे उघडतात. म्हणून दोन वर्षांनी परत जायचा विचार असेल त्यांनी सही करण्याआधी थांबावे. रॉथ, म्हणजे आधीच कर भरलेल्या पैशांचे निवृत्ती खाते, या कलमात बसवण्याचा आग्रह धरू नये. ‘काढताना तिकडे कर लागतो’ ही कलमाचीच अट आहे आणि रॉथमधून काढताना तो लागत नाही.

सोशल सिक्युरिटीचे उत्तर सोपे आहे : भारतात कर नाही, हक्क फक्त अमेरिकेचा. अमेरिकी नागरिक नसलेल्या भारतवासीयाचे ८५ टक्के रकमेवर ३० टक्के, म्हणजे एकूण २५.५ टक्के तिकडेच कापले जातात. भारताच्या विवरणपत्रात वजावट मागायचा प्रश्नच येत नाही. इंग्लंडचे सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्यांना वाढत नाही, पहिल्या दिवसाच्या आकड्यावर गोठते. आणि तिथल्या खासगी पेन्शनमधली २५ टक्के करमुक्त रक्कम पूर्ण निवासी झालेल्याने घेतली तर तिला इथे तशी माफी नाही. ती परतण्याआधी किंवा त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिकडच्या खात्यात घ्यावी. कॅनडाचे वृद्धापकाळाचे ओएएस पेन्शन भारतात मिळायला वयाच्या अठराव्या वर्षानंतर तिथे २० वर्षे राहिलेले असावे लागते.

परत आलेल्यांनी आयटीआर-१ला हात लावू नये. पूर्ण निवासी झाल्यावर आयटीआर-२मध्ये परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरायचे, तेही तिकडच्या जानेवारी-डिसेंबर वर्षाप्रमाणे. चुकले तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला १ ऑक्टोबर २०२४पासून त्यातून सूट मिळाली. परदेशात कर कापला गेला असेल तर वजावटीसाठी फॉर्म ६७, आणि कराचे रुपयांत रूपांतर स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने, कर कापला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या. गूगलवरचा दर चालत नाही.

ग्रीन कार्ड घेऊन परतलेल्यांसाठी शेवटचे. कार्डाची मुदत संपली म्हणून अमेरिकेचा कर संपत नाही. फॉर्म आय-४०७ने कार्ड रीतसर परत करेपर्यंत, किंवा तिथल्या सरकारने ते रद्द ठरवेपर्यंत, जगभरातले उत्पन्न १०४०मध्ये दाखवायचेच. गेल्या १५ वर्षांत ज्या वर्षी एक दिवस जरी कार्ड हातात असले तरी ते वर्ष मोजले जाते; अशी आठ भरली की कार्ड सोडताना फॉर्म ८८५४ आणि मालमत्ता मोठी असेल तर देश सोडण्याचा कर. आठवे वर्ष लागण्याआधी हा निर्णय घेतलेला बरा.

आपल्यामार्फत एक विनंती शहरातल्या बँकांना. नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेताना पेन्शन खिडकीवर एकच जादा प्रश्न विचारावा, ‘गेल्या वर्षात किती दिवस भारतात होता?’, आणि उत्तर ६० दिवसांच्या आत असेल तर खाते एनआरओ करण्याचा अर्ज आणि फॉर्म १०एफची माहिती तिथल्या तिथे हातात द्यावी. परदेशातून जीवन प्रमाण पाठवणाऱ्यांना हाच प्रश्न ईमेलने विचारता येईल.

आपले,
दांडिया बाजार व रावपुरा येथील काही करसल्लागार, बडोदे